झाकणाखालचं पाणी

टमीचे गाल जन्मापासून लाल. तिच्या बापानं तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि "अरे, हा तर टोमॅटो!" म्हणून हसला. टोमॅटोची पुढे टमी झाली. येणारे-जाणारे कौतुकानं गाल ओढायचे. मग एका हिवाळ्यात पोरीच्या बोटांची टोकं काळीनिळी पडली, नखांच्या कडेच्या जखमा काही केल्या भरेनात, जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरीणबाईंनी त्या गालांकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, की हा रंग नव्हे, ही आग आहे. त्या दिवसापासून घरात टमी म्हणून हाक मारायला सगळेच कचरायला लागले. शेवटी तीच वैतागली. "आजारी मी आहे, माझं नाव नाही. नीट हाक मारा."

तिची आत्या त्याच रुग्णालयाच्या आवारातल्या संशोधन संस्थेत काम करायची. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. टमीचा बाप तिचा शेंडेफळ भाऊ. त्याचा अभ्यास तिनंच घेतलेला, त्यामुळे अजूनही काही अडलं की तो आधी "ताई" म्हणून फोन करायचा. तपासणीच्या दिवशी तो आणि भावजय वर डॉक्टरीणबाईंकडे बसायचे आणि टमीला खाली आत्याच्या खोलीत सोडायचे. टमी उंच फिरत्या खुर्चीवर बसायची, पिशवीसारख्या सुती हातमोज्यांतले हात मांडीवर ठेवायची आणि प्रश्न विचारायला सुरुवात करायची.

"आत्या, राखणदाराचं पुन्हा सांग."

"अगं, किती वेळा?"

"मला कळेपर्यंत. तूच म्हणतेस ना, कळलं नाही तर लाजायचं नाही म्हणून."

आत्याला मुळात शिकवायची हौस. तिनं चष्मा कपाळावर चढवला.

"बरं. शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक घर. घराला एक आतली खोली. त्या खोलीत डीएनएची लांबलचक दोरी असते. ती तिथंच राहायची, बाहेर नाही. बाहेरच्या खोलीत कुठं दोरी दिसली, की समजायचं कुणीतरी घुसलंय."

"विषाणू."

"विषाणू, नाहीतर आणखी कुणी. मग तिथला एक कारागीर काय करतो, दोरी ज्या अक्षरांची बनते तसली दोन छोटी अक्षरं घेतो. एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात, दुसऱ्याची पहिल्याच्या तोंडात. झालं कडं. शास्त्रात त्याला सायक्लिक डायन्यूक्लिओटाइड म्हणतात."

"बापरे. आपलं कडंच बरं."

"कडंच बरं. आता राखणदार." आत्यानं दोन्ही तळवे जोडून ओंजळ केली. "दोन अगदी सारखे भाऊ शेजारी शेजारी उभे, त्यांची मिळून अशी ओंजळ. कडं नेमकं मधोमध येऊन बसतं. बसलं, की हात जवळ येतात आणि वरून एक झाकण लागतं. झाकण लागलं की राखणदार बोंब ठोकतो. सगळी गल्ली जागी होते, घरोघरी दारं लागतात."

"आणि दुसरी कडी? गेल्या वेळी तू दुसरी कडी म्हणाली होतीस."

"शाब्बास, लक्षात आहे. जीवाणूही असली कडी बनवतात. आपसात निरोप द्यायला. आपल्यापेक्षा जरा वेगळ्या घडणीची, पण राखणदाराला तीही ओळखता येतात. परक्याचं कडं घरात सापडलं म्हणजे परका आलाच की."

"आणि माझा राखणदार उगाचच बोंबलतो."

"तुझ्या राखणदारात एक मणी बदललाय. राखणदार म्हणजे एक प्रथिन, शेकडो मण्यांची माळ, त्यातला एकच."

"म्हणजे येडाच आहे तो."

"येडा कशाला? धास्तावलेला म्हण."

टमीनं जरा विचार केला. मग तिनं उजवा हात पाठीमागे नेला, खुडबुड केली आणि घट्ट मिटलेली मूठ आत्यापुढे धरली. हा त्यांचा जुना खेळ. "ओळख."

आत्यानं टेबलाकडे नजर टाकली. सगळं जागच्या जागी दिसत होतं. "काही नाही. रिकामी आहे."

"हरलीस!" मूठ उघडली. आत पेनाचं निळं टोपण. "रिकामी मूठ इतकी घट्ट कोण धरतं? एवढं पण कळत नाही तुला? आणि म्हणे शास्त्रज्ञ!"

आत्या हसली. हसता हसता तिचं हसू ओठावरच राहिलं.

झालं होतं ते असं. टमीच्या आजारावर दोन वाटा होत्या. एक औषध राखणदाराच्या बोंबेवर हात ठेवायचं. बोंब ऐकूच आली नाही की गल्ली शांत. टमीला तेच चालू होतं. बोटं थोडी निवली होती, पण आता खरे चोर आले तरी कुणी जागं होत नव्हतं, आणि ताप, खोकला पोरीची पाठ सोडत नव्हते. दुसरं औषध नवीन होतं, त्याच्या चाचण्या याच रुग्णालयात चालल्या होत्या. ते ओंजळीतली जागाच अडवायचं, कडं बसायला वावच ठेवायचं नाही. पण ते कामी कधी येणार? राखणदार कड्यामुळे मिटत असेल तर. टमीचा राखणदार कड्याशिवाय, आपला आपणच मिटत असेल तर जागा अडवून उपयोग काय? उगीच पोरीवर नवं औषध कशाला आजमावायचं?

हे शोधायचं काम आत्याच्या खोलीकडे आलं होतं. संस्थेचे सर म्हणाले होते, "घरचं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला देऊ या." आत्यानं ऐकलं नव्हतं. माझ्याइतकी घाई दुसऱ्या कुणाला असणार, असं तिचं म्हणणं. आणि घाई होतीच. भाऊ रोज फोन करायचा.

प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. त्याचे स्फटिक वाढवायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे, मग संगणकाच्या पडद्यावर एक ढग उमटतो आणि त्या ढगात प्रथिनाची साखळी मणी-मणी बसवत जायची. आत्यानं आयुष्यभर हेच केलं होतं. टमीच्या राखणदाराचा ढग उमटला तेव्हा झाकण लागलेलं होतं. तिनं त्यात कडं घातलंच नव्हतं. म्हणजे ते आपोआप लागलं होतं. ओंजळीच्या तळाशी ढगाचा एक गोळा तेवढा शिल्लक उरला होता. असे गोळे उरतातच. तिथं पाण्याचे रेणू ठेवून द्यायचे, आकडे जुळतात. सगळेच तसं करतात. तिनंही गोळ्यात पाणी भरलं आणि डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, "झाकण आपलं आपण मिटतं. नव्या औषधाचा उपयोग नाही."

तिच्या शब्दावर टमीची चाचणीतली जागा गेली होती.

आता पेनाचं निळं टोपण टेबलावर पडलं होतं आणि तिच्याच तोंडचं वाक्य तिच्या कानात वाजत होतं. जीवाणूही असली कडी बनवतात. टमीचा राखणदार तिनं बनवला कशात होता? जीवाणूंतच. ही प्रथिनं सगळे जीवाणूंतच बनवतात, स्वस्त आणि भरपूर. तिनं कडं घातलं नव्हतं, हे खरं. पण जिथं ते प्रथिन घडलं त्या घरात कडी आधीच लोळत होती.

भाऊ आणि भावजय टमीला घेऊन गेले. आत्यानं दार लोटलं, जुनं चित्र उघडलं आणि ओंजळीतलं पाणी एकेक करून काढून टाकलं. गोळा उघडा पडला. पाण्याचे थेंब कसेही, जागा मिळेल तिथे बसतात. हा गोळा तसा नव्हता. दोन चपट्या चकत्या, समोरासमोर, दोन्ही बाजूंनी वाकलेली दांडी. लहान मुलालाही कडं म्हणून दाखवता आलं असतं. आणि त्या वेळीही तो असाच होता. तिनं तो पाहिला होता. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, कारण भावाचा फोन यायची वेळ झाली होती आणि त्याला काहीतरी पक्कं सांगायचं होतं.

सरांनी चित्र बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं. माणूस सरळ होता; आरडाओरडा त्यांच्या स्वभावात नव्हता.

"दिसतंय तर कड्यासारखं," ते म्हणाले. "पण दिसतंय म्हणून तेच असेल असं नाही. हीच चूक आपण आधी केली ना?"

"मी केली."

"बरं, तुम्ही केलीत. म्हणून आता परत घाई नको. कीटकांच्या पेशींत प्रथिन बनवा, तिथं ही कडी नसतात. बघा झाकण उघडं राहतं का."

"त्याला कित्येक आठवडे जातील, सर. चाचणीत एक मूल गळलंय, ती जागा फार काळ रिकामी राहायची नाही."

"आणि तुम्ही आज जाऊन सांगितलंत आणि उद्या तेही चुकीचं निघालं तर? त्या आईबापांना किती वेळा झोके द्यायचे?"

 पण एक सोपी परीक्षा होती. तिनं उरलेलं प्रथिन बारक्या नळीत घेतलं आणि उकळायला ठेवलं. तापवलं की प्रथिन अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं, ओंजळ मोडते. कडं मात्र चिवट, त्याला उकळण्याचं काही वाटत नाही. आत जे धरून ठेवलं असेल ते सुटतं आणि वरच्या पाण्यात येतं. नळीत पांढरा चोथा तळाला बसला. वरचं नितळ पाणी तिनं रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्रावरच्या मुलीकडे दिलं. ती मुलगी एरवी गप्पांना उत्सुक असायची. आज आत्याचा चेहरा पाहून तिनं नळी लगेच यंत्राला लावली. यंत्रानं वजन दाखवलं. जीवाणूंच्या कड्याचं.

संध्याकाळची तपासणी संपवून डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. आत्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

"म्हणजे नवं औषध लागू पडेल?"

"ते मला माहीत नाही. लागू पडणार नाही असं मी म्हणाले होते, त्याचा आधार खोटा होता. एवढंच आज छातीठोकपणे सांगू शकते. तिचा राखणदार कडं फार घट्ट धरतो, इतकं घट्ट की सगळं धुऊन काढलं तरी सोडत नाही. तिच्या शरीरात कुठून तरी थोडंसं कडं कायम पाझरत असेल. बाकीच्यांना ते कळतही नसेल, हिच्या राखणदाराला तेवढंही पुरत असेल. असेल म्हणते मी. आहे नाही म्हणत."

"चाचणीत घ्यायचं तर चालू औषध आधी थांबवावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मधले दिवस तिच्या अंगात कुठलंच औषध नसेल. बोटांची काय अवस्था होईल, सांगता येत नाही. फुप्फुसांचीही." त्यांनी हात पुसले. "घरी कोण सांगणार? मी, की तुम्ही?"

"मीच सांगते."

भावाच्या घरी टमी शेजारच्या खोलीत चित्रं रंगवत होती. दार उघडं होतं. आत्यानं ओट्याशी उभ्या असलेल्या भावजयीला बसायला सांगितलं, तेव्हाच तिला कळलं असावं. ती बसली नाही. आत्या सांगत गेली. शिकवताना ती जितकं सोपं करून सांगायची, तितकंच सोपं करून तिनं आपली चूकही सांगितली.

भाऊ टेबलावरच्या पेल्याकडे बघत होता. "तेव्हा तो गोळा दिसला होता तुला?"

"दिसला होता."

"आणि तू पाणी म्हणालीस."

"हो."

"का, ताई?"

"तू रोज विचारायचास. मला तुला उत्तर द्यायचं होतं."

"म्हणजे माझ्यामुळे?" त्याचा आवाज चढला.

"नाही रे. तू विचारणारच. नाही माहीत, असं म्हणणं माझं काम होतं."

भावजय तिला एरवी ताईच म्हणायची. आज म्हणाली, "वन्सं, एक सांगू? दुसरं कुणी असतं ना, मी भांडले असते. दारात उभं केलं नसतं. तुम्ही घाई केलीत ती माझ्याच पोरीच्या मायेनं. मग मी आता राग काढायचा कुणावर? ते तरी सांगा. तेही तुम्हीच शिकवा."

 शेजारच्या खोलीतून, 'पाणी' तेवढंच कानावर पडलेल्या टमीचा आवाज आला, "आई, पाणी नको, निळा खडू कुठाय?"

"बघते हं," आई म्हणाली आणि जागची हलली नाही.

भावानं पेला बाजूला सारला. "बरं. आता पुढं काय? चालू औषध बंद करायचं, पोरीला होरपळू द्यायचं, आणि तेही एका कदाचितवर. ताई, तुझी पोर असती तर काय केलं असतंस?"

हाच प्रश्न. मागच्या वेळी तिनं याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, फक्त शास्त्राच्या भाषेत. 

"दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगते," ती म्हणाली. "त्यांची मिसळ करू नकोस. मला माहीत काय आहे? जीवाणूंत बनवलेल्या राखणदाराच्या झाकणाखाली कडं होतं, एवढंच. कडं नसताना ते झाकण उघडं राहतं का, ते अजून कळायचंय. त्याचे स्फटिक धरलेले नाहीत. आणि मी काय केलं असतं? मी दिलं असतं औषध. पण ते शास्त्रज्ञ म्हणून नाही. आत्या म्हणून. आणि आत्या एकदा चुकलीये."

भाऊ उठून खिडकीशी गेला.  निघताना आत्याला दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही, टमी तेवढी हातात खडू घेऊन आली. "तू रडलीस?"

"थोडी."

"मी पण रडते थोडी. इंजेक्शनच्या वेळी. मोठ्यांदा रडलं तर कमी दुखतं, करून बघ."

भाऊ-भावजयीनं होकार दिला, हे आत्याला डॉक्टरीणबाईंकडून कळलं. टमीला मुलांच्या विभागात दाखल केलं, चालू औषध थांबलं. भावाचा फोन आला नाही. ती रोज कामावर जायची, कीटकांच्या पेशी वाढवायची, प्रथिन काढायची, स्फटिकांच्या थेंबांवर डोळे लावून बसायची. थेंब नितळ होते. स्फटिक मनात आलं की येतात, त्यांना कुणाच्या घाईशी देणंघेणं नसतं. अधूनमधून ती वरच्या मजल्यावरच्या लांब बोळात जायची, मुलांच्या विभागाच्या दाराच्या काचेपर्यंत, आणि तिथूनच परत फिरायची. एकदा काचेतून भावजय दिसली. तिनंही पाहिलं. हात वर केला नाही, पण पाठही फिरवली नाही.

टमीच्या राखणदारावरचा, छापायला दिलेला शोधनिबंध सरांनी मागे घेतला. "लिहा," ते म्हणाले, "काय चुकलं ते सविस्तर लिहा. दुसरे तरी आपापलं पाणी तपासून बघतील." आत्यानं ते लिहिलं.  तिला भीती नावाची नव्हती, वरच्या मजल्यावरच्या पोरीच्या जिवाची होती.

मग एका सकाळी भावजयीचा फोन. "आज पहिला डोस आहे. ती म्हणते, आत्या आल्याशिवाय घेणार नाही. तुम्ही या." आणि जरा थांबून, "या, ताई."

खोलीत उजेड भरपूर होता. टमी उशीला टेकून बसली होती. गाल लाल नव्हते, जांभळट होते. औषधाविना गेलेल्या दिवसांनी पोरीला पार पिळून काढलं होतं. श्वास घेताना गळ्याशी खळगा पडत होता. भाऊ पायथ्याशी उभा होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. 

टमीनं मोज्यातला उजवा हात पुढे केला. मूठ गच्च मिटलेली. "ओळख."

आत्या खुर्चीवर बसली. "नाही ओळखत. उघडून बघितल्याशिवाय मी आता काही सांगणार नाही."

"मला उघडता येत नाही आज. तू उघड. हळू."

आत्यानं मोजा अलगद ओढून काढला. करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट गरम, सुजलेलं, टोकाशी काळवंडलेलं. टमीनं डोळे मिटून घेतले. मधलं बोट उघडताना ती "आई गं" म्हणाली आणि आत्या थांबली. "नको, उघड," टमी म्हणाली. शेवटचं बोट सुटलं. तळवा पूर्ण उघडला.

आत काहीच नव्हतं.

"अगं, रिकामीच आहे की," आत्या म्हणाली. "मग एवढी घट्ट कशाला धरली होतीस?"

"दुखतं म्हणून," टमी म्हणाली. "दुखलं की आपोआप मिटते."

 खाली तिच्या खोलीत थेंब अजून नितळ होते. रिकामी मूठसुद्धा घट्ट मिटते. मिटू शकते, तसं झाकणही, कड्याशिवाय. तिनं वर पाहिलं तर भाऊ तिच्याकडेच बघत होता, आणि त्याला काय विचारायचंय ते तिला न विचारताच कळलं.

"माहीत नाही," ती त्याला म्हणाली. "खरंच माहीत नाही रे."

त्यानं मान हलवली. त्याला त्या उत्तराचा राग आला नव्हता, की राग यायचीही ताकद उरली नव्हती, ते तिला सांगता आलं नसतं.

परिचारिका छोट्या पेल्यात औषध घेऊन आली. टमीनं वास घेतला, नाक मुरडलं. "ई. आत्या, हे जाऊन ओंजळीत बसणार?"

"बसलं तर बसेल."

"आणि नाही बसलं तर?"

"तर मी तुला तसं सांगेन. तुला आधी, मग बाकीच्यांना."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

टमीला पेला धरता येत नव्हता. आत्यानं तो तिच्या ओठांना लावला, भावजयीनं मागून मानेला हात दिला. टमी घोट घोट प्यायली, शेवटच्या घोटाला ठसकली, आणि उघडा तळवा तसाच आत्याच्या मांडीवर ठेवून खिडकीकडे बघत राहिली.